मेला गडी उठेना

एका जंगलात, मुलांनो, पूर्वी सगळे हुतूतू खेळत असत. पुढे सगळे हुतूतू बघू लागले. मग बघायलाही लांब जावं लागतं, म्हणून एका कोल्ह्याने हुतूतूचा व्हिडिओ गेम काढायचं ठरवलं.

नियम तुम्हाला ठाऊक आहेतच. दम धरून समोरच्यांच्या अंगणात शिरायचं, कुणाला तरी शिवून परत यायचं. ज्याला शिवलं तो मेला. जो पकडला गेला तोही मेला. मेलेल्याने बाहेर जाऊन बसायचं. आपल्या बाजूने कुणी गडी मारला, की मेलेल्यांतला एक उठतो. म्हणून तर हुतूतूत मरायचं कुणाला काही वाटत नाही.

कोल्ह्याने जाहीर केलं, "जंगलातले सगळे नामांकित गडी या गेममध्ये असतील. अगदी हुबेहूब!"

हे ऐकून भिवा नावाचं अस्वल रांगेत जाऊन उभं राहिलं. त्याला गेममधलं काही कळत नव्हतं. पण त्याचा धाकटा भाऊ दौलू हा जंगलातला सगळ्यांत नामांकित गडी होता, आणि गेल्या थंडीत तो वारला होता. भिवाला त्याला एकदा पाहायचं होतं.

"तू रे कशाला, भिवादादा?" पुढे उभ्या असलेल्या माकडाने विचारलं. "तुझ्या एका पंजाखाली सगळी बटणं एकदम दाबली जातील."

"दाबली तर दाबली," भिवा म्हणाला.

गेम सकाळी आला. दुपारपर्यंत जंगलभर बोंबाबोंब झाली.

साळिंदरबाईंच्या गड्याला काटेच नव्हते. "बोडकी दाखवलीय मला मेल्यांनी!" त्या म्हणाल्या. रानरेडा मधल्या रेघेत कमरेपर्यंत रुतला होता. पण हे सगळं चालवून घेतलं असतं. खरी भानगड वेगळीच होती.

मेलेला गडी उठत नव्हता. तो अंगणाबाहेर यायचा, पडद्याच्या खालच्या काठाशी बसायचा आणि खेळणाऱ्याकडे तोंड करून बघत राहायचा. तुम्ही कितीही गडी मारा, तो आपला बसलेलाच.

"घास उतरत नाही हो," माकड म्हणालं. "सगळे मेलेले माझ्या ताटाकडे बघतायत."

सगळे कोल्ह्याच्या बिळापाशी गेले.

"मेलेला उठत नाही, हे निसर्गनियमाला धरूनच आहे," कोल्हा म्हणाला. "तुम्हालाच हुबेहूब हवं होतं."

"आम्हाला? तूच म्हणाला होतास!" साळिंदरबाईंनी काटे फुलवले. हे काटे खरे होते. कोल्हा जरा मागे सरला.

"अपडेट येईल," तो म्हणाला. "सगळे मेलेले उठतील. शब्द देतो."

या गर्दीत भिवा नव्हता.

त्याच्या पंजाखाली सगळी बटणं एकदम दाबली गेली होती आणि दौलू पहिल्याच चढाईत मेला होता. मेला, आणि काठाशी येऊन बसला. भिवाकडे तोंड करून.

भिवाने बटणं बाजूला ठेवली आणि मध आणला.

"यंदा मोहोळं कमी लागलीत," तो म्हणाला.

दौलू काही बोलला नाही. तो तसाही कमीच बोलायचा. जिवंतपणी सारखा सामन्यांना पळायचा. "बस की जरा," असं भिवा म्हणे. "आलोच, दादा," म्हणून तो निघून जाई.

आता बसला होता.

दोघं रोज संध्याकाळी बसू लागले.

एकदा माकड डोकावलं. "तुझाही उठेना? मग ओरड की कोल्ह्याच्या नावानं!"

"कशाला?" भिवा म्हणाला. "बरा आहे."

आणि मुलांनो, अपडेट खरोखरच आलं. मेलेले पटापट उठू लागले. साळिंदरबाईंना काटे मिळाले, तेही दुप्पट. रानरेडा रेघेतून निघाला. जंगलात जल्लोष झाला. माकड संध्याकाळपर्यंत खूश होतं. नंतर म्हणालं, "आता फारच सोपा झालाय."

दुसऱ्या दिवशी कोल्ह्याच्या बिळापाशी एकटा भिवा उभा होता.

"आता काय बिघडलं?" कोल्ह्याने विचारलं.

"दौलू उठतो."

"उठायलाच हवा! त्यासाठीच तर एवढी मरमर केली."

"लगेच उठतो. टेकतसुद्धा नाही. आणि माझ्याकडे पाठ करून पळतो." भिवा बिळाशी वाकला. "आधीचं परत मिळेल का?"

"आधीचं म्हणजे, ते चुकलेलं?"

"तेच."

आपल्या पहिल्या मालाची तारीफ कोल्ह्याने आजवर कधी ऐकली नव्हती. त्याचे डोळे पाणावले. त्याने त्याच दिवशी झाडाझाडावर पाट्या लावल्या : "आधीचंच बरं होतं! – एक समाधानी ग्राहक."

आधीचं मात्र मिळालं नाही. तशी सोय नव्हती.

भिवा घरी आला. दौलू चढाईवर होता. मेला, उठला, पुन्हा गेला. भिवाने थोडा वेळ त्याची पाठ पाहिली आणि पडदा बंद केला.

काळ्या पडद्यात एक अस्वल त्याच्याकडे तोंड करून बसलं होतं. बरंचसं दौलूसारखं, पण वयाने थोरलं. तेही फार बोलणारं दिसत नव्हतं.

भिवाने मध मधोमध ठेवला.

तात्पर्य : अर्धवट माल बाजारात आणू नये, असं शहाणे सांगतात. त्यात काही अर्थ नाही. अर्धवट माल खुशाल आणावा. फक्त एकदा आणला, की दुरुस्त करू नये. कुणीतरी त्यात येऊन बसलेलं असतं.