शेषगिरीराव हुबळीला गेले की पाणी येतं

"अण्णा, उद्या सकाळी तेवढं हुबळीला जाऊन या हं," शेजारच्या अंबूताई फाटकातूनच म्हणाल्या.

शेषगिरीराव आरशासमोर उभं राहून भाषणाची तालीम करत होते. उचललेला हात तसाच हवेत ठेवून त्यांनी विचारलं, "कशाला?"

"कशाला म्हणजे? पाणी यायला नको?"

आता कुणी हुबळीला गेल्यानं धारवाडच्या नळाला पाणी कसं येईल, असं शहाण्या माणसाला वाटेल. पण त्या गल्लीत शहाणा माणूस एकच होता, आणि सगळा घोळ त्यानंच घातला होता.

शेषगिरीरावांनी जन्मभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं. मूळचा स्वभाव चुळबुळा. एका खुर्चीत जरा वेळ टिकले की बायको, वेणूबाई, त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघायच्या. त्यातून रिटायर झाल्यावर संख्याशास्त्रातलं कुणी काही विचारीना. भाजीवाल्याला सरासरी समजावून झाली, तर तो पलीकडच्या गल्लीनं जाऊ लागला. अशात दातांनी दगा दिला. डॉक्टर हुबळीचा, आणि तो दर आठ दिवसांनी बोलवी. नळाचं पाणीही तेव्हा आठ दिवसांनीच येई. झालं! शेषगिरीराव पिशवी घेऊन स्टँडकडे निघाले की थोड्या वेळात गल्लीत आरोळी उठायची, "नळ बंतु! नळ बंतु!" नळ आला म्हणायचा अवकाश, घागरी-बादल्यांची एकच झुंबड.

हे आधी ध्यानात आलं समोरच्या बाळाचार्य वकिलांच्या. "मास्तर, पायगुण म्हणतात तो हाच. फक्त तुमचा येण्याचा नव्हे, जाण्याचा!"

दुसरा कुणी हसून सोडून देता. पण किती दिवसांनी कुणीतरी शेषगिरीरावांच्या विषयातलं बोललं होतं! त्यांनी वेणूबाईंनी कॅलेंडरवर केलेल्या पाण्याच्या खुणा घेतल्या, स्वतःच्या हुबळीच्या खेपा घेतल्या, दिवसभर आकडेमोड केली आणि संध्याकाळी कट्ट्यावर जाहीर केलं, "सहसंबंध गुणांक, पॉइंट एक्याण्णव!"

"म्हणजे शंभरात एक्याण्णव?" बाळाचार्यांनी डोळे विस्फारले.

"छे हो! टक्के नव्हेत हे. गुणांक उणे एकपासून अधिक एकपर्यंत असतो. शून्य म्हणजे दोन गोष्टींचा काही मेळ दिसत नाही. एकाच्या जवळ म्हणजे दोघी जोडीनं चालतात. उणे म्हणजे एक वाढली की दुसरी घटते. पण कोण कुणामुळं चालतं, ते हा गुणांक सांगत नाही! हे नीट लक्षात..."

"एक्याण्णव!" अंबूताई गालावर बोट ठेवून म्हणाल्या. "आमच्या श्यामलेला दहावीला नव्हते बाई एवढे."

पुढचं कुणी ऐकलंच नाही.

मग कवळी बसली, हुबळीच्या खेपा संपल्या, आणि नेमकी त्याच आठवड्यात लांब कुठंतरी मोठी पाइपलाइन फुटली. पाण्याचा दिवस आला आणि कोरडाच गेला. गल्लीनं एका तोंडानं ठरवलं, मास्तर हलेनात म्हणून पाणी हलेना.

"अहो, पाइप फुटलाय!" शेषगिरीराव ओरडले.

"फुटला हे कबूल," बाळाचार्य शांतपणे म्हणाले. "पण नेमका आत्ताच का फुटला?"

आणि आता हा उद्याचा रविवार. अंबूताईंकडे श्यामलेचं डोहाळजेवण. सगळ्या गल्लीला आमंत्रण आणि घरात तांदूळ धुण्यापुरतं पाणी नाही. त्याच रविवारी सकाळी दहाला शेषगिरीरावांचं भाषण! जयतीर्थ नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी बी.एड. कॉलेजचा प्राचार्य झाला होता, त्यानं वाचनालयाच्या हॉलमध्ये ठरवलेलं. विषय, 'सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे'. रिटायर झाल्यापासूनचं हे पहिलं बोलावणं. नुसत्या आनंदानं त्यांना दोन दिवस घास गिळवत नव्हता.

"अंबूताई, असं बघा," ते कळकळीनं म्हणाले. "कलघटगीचा आंबेवाला गल्लीत येऊ लागला की माणसांच्या अंगावर घामोळं उठतं. होय की नाही?"

"होय की."

"मग घामोळं काय आंबेवाल्यामुळं येतं?"

"येणारच की! आंबा उष्ण असतोय, अण्णा."

तेवढ्यात मागून आलेल्या बाळाचार्यांनीही मान डोलावली. "म्हणून मी दुधाबरोबरच खातो."

"अहो, उन्हाळा! दोन्हींच्या मागं उन्हाळा आहे! तसं माझी खेप आणि तुमचं पाणी, दोन्हींच्या मागं तो आठ दिवसांचा फेरा होता!"

अंबूताईंनी पदर डोळ्यांना लावला. "पहिलटकरीण पोरगी आहे हो. आलेल्या बायकांच्या हातावर पाणी घालायला नसलं तर काय तोंड दाखवू? आणि तुम्हाला भाषणाचं पडलंय."

शेषगिरीरावांनी आशेनं बायकोकडे पाहिलं. वेणूबाईंनी एवढंच विचारलं, "तो गुणांक खोटा होता का?"

"मी काढलेला गुणांक खोटा कसा असेल?"

"मग जाऊन या की!"

रविवारी सकाळी गल्लीनं त्यांना वाजतगाजत नाही एवढंच, पण स्टँडपर्यंत पोचवलं. बाळाचार्यांनी खिडकीची जागा धरून दिली आणि कंडक्टरला बजावलं, "हुबळ्ळी बरोतनक इळिसब्याड्री!" हुबळी येईपर्यंत या गृहस्थांना उतरू द्यायचं नाही.

बस सुटली. शेषगिरीराव उठले, बसले, घड्याळ बघितलं, पुन्हा उठले. हॉलमध्ये पोरं जमली असतील. जयतीर्थ दारात उभा असेल. टोल नाका आला तसे ते कंडक्टरपाशी गेले. कंडक्टरनं नकारार्थी मान हलवायच्या आत त्यांनी कवळी काढून रुमालात टाकली आणि बोळकं पसरून दाखवलं, "दात घरी विशरलो हो!" असल्या तोंडापुढं कंडक्टर काय वाद घालणार? त्यानं शिट्टी मारली.

रिक्षा करून ते हॉलवर पोचले आणि जन्मात बोलले नव्हते असं बोलले. गल्लीचीच गोष्ट उदाहरण म्हणून सांगितली. "मी या क्षणी धारवाडात उभा आहे! नळाला त्याचा पत्ता नाही, आणि असला तरी फिकीर नाही!" पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला. शेषगिरीरावांच्या मनात मात्र एकच घोळत होतं. पाणी आलं नसलं तर? श्यामलेच्या डोहाळजेवणात आपल्या नावानं बोटं मोडतील सगळे. वर म्हणतील, गुणांक खराच!

भाषण संपताच ते चहासुद्धा न घेता घराकडे सुटले. गल्लीच्या तोंडाशी पाय घसरला. चिखल! घरोघरी अंगणं ओली, घागरी डबडबलेल्या, आणि अंबूताई हसतमुखानं समोर. "अण्णा, आलं हो पाणी! तुम्ही गेलात म्हणून लाज राहिली."

"मी गेलोच नाही!" शेषगिरीराव दोन्ही हात उंचावून गरजले. "टोल नाक्यावर उतरलो! मी धारवाडात होतो आणि पाणी आलं! आता तरी पटलं?"

बाळाचार्य पुढं झाले आणि कोर्टातल्या आवाजात म्हणाले, "मग होतात कुठं?"

"भाषण देत होतो."

"सुरू कधी केलं?"

"दहाला."

"पाणीही दहालाच आलं. संपवलं कधी?"

"अकराच्या सुमाराला," शेषगिरीरावांचा आवाज जरा उतरला.

"आणि नळही अकराच्या सुमारालाच बंद झाला." बाळाचार्यांनी गल्लीकडे पाहिलं. गल्लीनं शेषगिरीरावांकडे पाहिलं.

"अहो, एका निरीक्षणावरून काहीही ठरत नाही!" ते कळवळून ओरडले. "नमुना मोठा लागतो! पुष्कळ निरीक्षणं घ्यावी लागतात!"

"मग घेऊ की," अंबूताई म्हणाल्या. "आमच्याच कट्ट्यावर बोला. चहा मी देते."

तेव्हापासून पाण्याचा दिवस आला की शेषगिरीराव कट्ट्यावर उभे राहतात आणि सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे हे गल्लीला पटवून देतात. समोर घागरी, हंडे, बादल्या आणि त्यांच्यामागं माणसं, श्वास रोखून. पाणी आलं तर त्यांचा जयजयकार होतो. नाही आलं तर बाळाचार्य म्हणतात, "आज मास्तर उदाहरणांत कमी पडले." या वेळी गुणांक काढायचं धाडस मात्र शेषगिरीरावांनी केलेलं नाही.

परवा ते अंघोळीला बसले होते. डोक्याला, तोंडाला साबण लागलेला आणि नळ फुस्स करून थांबला. त्यांनी चाचपडत बादली पाहिली, तांब्या पाहिला. दोन्ही रिकामे. साबण डोळ्यांत झोंबू लागला. कुणी ऐकत तर नाही ना, म्हणून त्यांनी क्षणभर कानोसा घेतला, घसा खाकरला आणि हळू आवाजात सुरुवात केली, "मित्रहो, दोन गोष्टी जोडीनं घडल्या म्हणून एकीमुळं दुसरी घडते असं मुळीच नाही..."

"अहो, जरा मोठ्यानं बोला की," स्वयंपाकघरातून वेणूबाई ओरडल्या. "मी पण इकडं घागर लावलीय!"