गालावर हात

"या गल्लीतला दगडसुद्धा मला विचारल्याशिवाय झिजत नाही," असं माहितगार एकदा बायकोला म्हणाले. बायको भांडी विसळत होती. ती म्हणाली, "मग आपल्या जिन्यातला दिवा कधीपासून बंद आहे, तेवढं सांगा." जिना म्हणजे काही गल्ली नव्हे, असं म्हणून माहितगार बाहेर पडले.

माहितगार हे त्यांचं टोपणनाव. काम असं, की बाहेरून आलेल्या पाहुण्यांना घेऊन जुन्या बाजाराच्या गल्लीतून हिंडायचं आणि इथे कोण कुठून आलं, कसं आलं, ते रंगवून सांगायचं. गल्ली होतीही सांगण्यासारखीच. एका टोकाला बेटावरून आलेली माणसं, मधे डोंगराकडची, पार शेवटी नदीकाठची. सगळी पणज्या-पणजोबांच्या काळात आलेली, तरी अजून एकमेकांचा उंबरा न ओलांडलेली. भांडण म्हणाल तर अजिबात नव्हतं. फक्त समोरासमोर आले, की प्रत्येकाला स्वतःच्या चपलेकडे बघायचं काहीतरी महत्त्वाचं काम निघायचं.

आता माहितगारांची माहिती आली कुठून? निम्मी त्यांनी वाचली होती आणि निम्मी पाहुण्यांनी प्रश्न विचारल्यावर जागच्या जागी बनवली होती. पाहुणे खूश होऊन निघून जात आणि पुन्हा कधी येत नसत. त्यामुळे एकही थाप आजवर अंगावर उलटली नव्हती.

पण या रविवारची गोष्ट वेगळी होती. पर्यटन कचेरीत माहितगार इतकी वर्षं हंगामीच होते. आता कचेरीने ठरवलं होतं, की शहरात एकच फेरी चालू ठेवायची. एक तर ही गल्लीची, नाहीतर बागेतल्या कारंज्यांची. निवड करणार होत्या कचेरीतल्या मॅडम, आणि त्या स्वतः रविवारी फेरीला येणार होत्या. पसंत पडली तर माहितगार कायम, नाहीतर घरी. त्यात बायकोने "हे कायम झाले" असं आपल्या बहिणीला सांगूनही टाकलं होतं.

"अगं, आधीच कशाला सांगितलंस?"

"तुम्हीच म्हणालात ना, झालं म्हणून समज. मी समजले."

रविवारी सकाळी मॅडम आल्या. पाच-सात पाहुणेही आले. त्यांत एक टोपीवाले गृहस्थ होते आणि त्यांना प्रश्न विचारायची खोड होती. अशी माणसं प्रत्येक फेरीत एक तरी असतातच. माहितगारांना ती आवडायची, कारण त्यांच्यामुळेच नवी माहिती तयार व्हायची.

पहिला मुक्काम घड्याळजींचा. हे बेटावरच्या माणसांपैकी. एरवी पाहुणे दिसले की लंबकाच्या घड्याळापासून सुरुवात करून पाहुणे घायकुतीला येईपर्यंत बोलत राहायचे. पण आदल्या रात्रीपासून त्यांची दाढ ठणकत होती. काचेच्या दारातून घोळका दिसल्यावर ते उठले, उजवा हात गालावर दाबून धरला, मान किंचित लववली आणि तसेच उभे राहिले.

"हे असे गालावर हात ठेवून का उभे आहेत?" दाराबाहेर टोपीवाल्यांनी विचारलं.

मॅडमनी माहितगारांकडे पाहिलं. "माहीत नाही" हे दोन शब्द माहितगारांनी उभ्या आयुष्यात कधी उच्चारले नव्हते, आणि नोकरी टांगणीला असताना सुरुवात करायची त्यांना काही गरज वाटली नाही.

"ही बेटावरची रीत," ते म्हणाले. "अभिवादन. बेटावर वारा इतका, की हाक ऐकू जात नाही. म्हणून गालावर हात ठेवायचा."

"म्हणजे काय कळतं?"

"की या, तुमचं स्वागत आहे."

पाहुणे सुसंस्कृत होते. सगळ्यांनी गालावर हात ठेवले आणि रांगेने दुकानात शिरले. सर्वांत पुढे मॅडम.

आत घड्याळजी चक्रावले. एवढी अनोळखी माणसं, सगळी गाल धरून आणि वर हसतमुख. सगळ्यांचीच दाढ तर दुखत नसणार. तेव्हा ही यांच्या गावची पद्धत असावी, असं त्यांनी ठरवलं आणि पाहुण्यांचा मान राखायला गालावरचा हात जास्तच नीट धरला.

मंडळी बाहेर पडताच त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती अशी गोष्ट केली. समोरच्या बेकरीत फोन लावला. बेकरीवालीबाई डोंगराकडच्या. पाटीवरचा नंबर घड्याळजींना इतकी वर्षं रोज समोर दिसत होता, तो आज कामी आला. दातांतल्या दातांत ते म्हणाले, "पाहुणे येतायत तुमच्याकडे. त्यांच्यात गालावर हात ठेवून भेटतात. कुणी हसू नका, वाईट दिसेल."

बेकरीवालीबाई मोठ्या अगत्याच्या. त्यांनी सगळ्या कामगारांना दारात उभं केलं आणि स्वतः मागच्या दाराने धावत जाऊन शिंप्याच्या घरी वर्दी देऊन आल्या.

माहितगार वळून बघतात, तर बेकरीच्या दारात सगळे गालावर हात ठेवून उभे! हात पिठाचे, त्यामुळे प्रत्येकाच्या गालावर पांढरा पंजा. आपली थाप आपल्या आधी पोचलेली माहितगारांनी पहिल्यांदाच बघितली.

"हेही बेटावरचेच का?" टोपीवाले.

"नाही. डोंगराकडचे."

"मग यांच्याकडे कुठला वारा?"

"अहो, शेजार," माहितगार घाम पुसत म्हणाले. "शेजाराने रीत लागते माणसाला."

"वा," मॅडम म्हणाल्या. सकाळपासूनचा हा त्यांचा पहिला शब्द होता.

नदीकाठच्या शिंप्याकडे तर विचारू नका. शिंपी तोंडात टाचण्या धरून आणि गालावर हात ठेवून उभा, आणि खुर्चीत त्याची आई, तीही तशीच. मॅडम अगदी हेलावल्या. तीन दिशांची माणसं आणि अभिवादन एक! त्या आजींपाशी वाकल्या.

"आजी, ही रीत तुमच्यात कधीपासून?"

आजींना रीत कळून दहा मिनिटंही झाली नव्हती. पण कचेरीतून आलेल्या बाईसमोर आपल्याकडे काही कमी आहे असं दाखवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

"अगो बाई, आमचीच तर आहे ती," आजी म्हणाल्या. "माझे आजोबा होडीतून उतरले ते असा गाल धरूनच. या बाकीच्यांनी आमचं बघून उचललं. आणि उचललं ते उचललं, वर हात चुकवला. खरा हात डावा."

पुढच्या आठवड्यात माहितगार कायम झाले. बायकोने बहिणीला पुन्हा फोन केला नाही, कारण तिच्या मते त्यात नवीन काहीच नव्हतं.

आणि मग एके दिवशी मॅडमचं बोलावणं आलं.

माहितगार आत गेले, तर भिंतीलगतच्या बाकावर घड्याळजी, बेकरीवालीबाई आणि शिंप्याच्या आई एकमेकांना खेटून बसलेले. बिंग फुटलं. कायमच्या नोकरीला महिनाही झाला नव्हता.

"यांची तुमच्याविरुद्ध तक्रार आहे," मॅडम म्हणाल्या.

माहितगार फार थकले होते. दर रविवारी तीच थाप, आणि दर रविवारी गल्लीत गाल धरणारे वाढत चाललेले. त्यांनी डोळे मिटून खरं ते सांगून टाकलं. "मॅडम, चुकलो. रीतबीत काही नाही. त्या दिवशी घड्याळजींची दाढ दुखत होती. बस, एवढंच."

"दाढ दुखत होती, हे खरं," घड्याळजी सावकाश म्हणाले. ती दाढ आता काढलेली होती. "पण हात मी रीतीनेच ठेवला होता. बेटावरची रीत आहे ती. मला लहानपणी कुणी सांगितली नाही, ही आमच्या घरच्यांची चूक. तुम्ही सांगितलीत, तुमचे उपकार आहेत. आता मागे कशाला घेता?"

"बेटावरची कशी?" आजी उसळल्या. "माझे आजोबा काय दाढ धरून उतरले होते?"

"आणि पिठाचा पंजा कुणाचा?" बेकरीवालीबाईंनी विचारलं. "पाहुणे फोटो काढतात ते आमचेच ना? मग फेरीत आमचं नाव शेजारी म्हणून का घेतात हे?"

तक्रार ही होती. माहितगारांना कुणी खोटं म्हणतच नव्हतं. मान चुकीच्या माणसांना दिला, एवढंच सगळ्यांचं म्हणणं होतं.

मॅडमनी चष्मा काढला. "तुम्हाला विनोद सुचतो, हे मला ठाऊक आहे. पण लोकांच्या परंपरेची अशी टिंगल मी खपवून घेणार नाही. परत दाढेचं नाव काढलंत, तर कारंज्यांकडे पाठवीन."

माहितगारांनी मान हलवली. तिघं तक्रारदार डावा की उजवा यावर वाद घालत पायीच गल्लीपर्यंत गेले आणि वाद मिटेना म्हणून बेकरीत चहाला बसले. कुणालाही चपलेकडे बघायची आठवण राहिली नाही.

यानंतर थोड्याच दिवसांनी, एका सकाळी, माहितगारांची स्वतःची दाढ ठणकायला लागली. उजवीकडची. ते गाल धरून स्वयंपाकघरात आले.

"घरात तरी नको ती रीत," बायको म्हणाली.

बोलायला तोंड उघडेना. ते तसेच दातांच्या डॉक्टरांकडे निघाले. डॉक्टर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. घड्याळजी दुकानात उठून उभे राहिले, हात गालावर. बेकरीच्या दारात पिठाचे पंजे हसले. माहितगार कळवळून "आं" म्हणाले, तर कामगारांनीही अदबीने "आं" म्हटलं. पुढे शिंप्याच्या आईने खुर्चीतूनच हटकलं.

"डावा हो, डावा. तुम्हीच चुकायला लागलात, तर पाहुण्यांनी काय करायचं?"

माहितगारांनी निमूटपणे डावा हात डाव्या गालावर ठेवला आणि कोपरा वळेपर्यंत उजवा गाल तसाच ठणकू दिला.

डॉक्टर तरुण होते, गल्लीत नवीन आलेले. दवाखाना रिकामा होता. माहितगारांना गाल धरून दारात उभं पाहिल्याबरोबर ते खुर्चीतून ताडकन उठले, गालावर हात ठेवला आणि तोंडभर हसले.

"या, या, माहितगार! आमच्याकडेही आणताय का फेरी? पाहुणे कुठायत?"

माहितगारांनी मान जोरात नकारार्थी हलवली. मग दुसऱ्या हाताचं बोट सुजलेल्या गालाकडे नेलं आणि काकुळतीने तिथे टेकवलं, पुन्हा टेकवलं.

"समजलं, समजलं," डॉक्टर म्हणाले. "मी नवीन असलो तरी रीत शिकलोय." आणि त्यांनी आपल्याही गालावर दोनदा बोट टेकवलं.