शब्दांचे शेवट गिळण्याचा वर्ग

माणसाची योग्यता तो काय बोलतो यावरून नव्हे, तर बोलताना काय गिळतो यावरून ठरते. हे सत्य बसस्थानकाच्या आगारप्रमुखांना नव्या इमारतीला काचा बसल्यावर उमगलं. काचेच्या इमारतीला इंग्रजी घोषणाच शोभतात, असा निर्णय झाला आणि पहिल्याच आठवड्यात एक गंभीर दोष उघडकीस आला. घोषणा प्रवाशांना समजत होत्या.

दोषाचं मूळ होतं माईकताई. गाड्या पुकारणाऱ्या या बाई प्रत्येक इंग्रजी शब्द शेवटच्या अक्षरापर्यंत इमानेइतबारे पोचवून येत. त्यांच्या 'पॅसेंजर'मधला र खणखणीत, 'लगेज'मधला ए ऐसपैस आणि 'डिपार्चर'चे दोन्ही र सावधान उभे. यात त्यांचा तरी काय दोष? वडिलांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं आणि 'पानात अन्न टाकू नये, तोंडात शब्द टाकू नये' हा घरचा शिरस्ता होता. पण नोकरी कंत्राटी होती. कायम व्हायचं तर शब्द टाकायला शिकणं भाग होतं.

त्यासाठी उच्चार-सल्लागार नेमण्यात आले. त्यांच्या शास्त्रानुसार इंग्रजी शब्दात एकच अक्षर घरचं असतं, बाकीचे पाहुणे. घरच्याला पाटावर बसवावं, शेवटच्या पाहुण्याला दारातूनच वाटेला लावावं. "पॅसिंजऽ," असं म्हणून सल्लागार शेवटी इतके विरत जात की ते खोलीत आहेत ना, हे वळून पाहावं लागे. (स्थानकातले हमाल पूर्वापार 'टिकेट'मधला ए गिळून 'तिकीट' म्हणतात, ते या शास्त्राला धरूनच आहे, परंतु त्यांनी ते फी न भरता म्हटल्यामुळे ग्राह्य धरता येत नाही.)

माईकताईंनी मन लावून अभ्यास केला. भांडी घासताना 'काउंटऽ', कपडे वाळत घालताना 'लगिज'. "दाढ दुखतेय का गं?" नवऱ्याने काळजीने विचारलं. पहिल्या आठवड्यात निम्मे शेवट गेले, दुसऱ्यात सगळे गेले, आणि पुढे उत्साहाच्या भरात काही सुरुवातीही गेल्या. स्थानकाची प्रगती डोळ्यांत भरण्याजोगी होती. तक्रारी थांबल्या, कारण तक्रार करायला आधी काय सांगितलं ते कळावं लागतं. गाड्या वेळेवर सुटू लागल्या, कारण चढणाऱ्यांमुळे होणारा खोळंबा उरला नाही.

कायम होण्याच्या परीक्षेच्या दिवशी नेमके माईकताईंचे वडील स्थानकात आले. मोतीबिंदूमुळे त्यांना फलक वाचता येत नव्हता, आणि नदीपलीकडच्या डॉक्टरांनी दोन महिन्यांनी कशीबशी आजची वेळ दिली होती. "तू पुकारशीलच की," म्हणाले आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसले.

काचेच्या खोलीत माईकताईंच्या मागे आगारप्रमुख आणि सल्लागार उभे होते. ताईंनी नदीपलीकडची गाडी पुकारली. एकही शेवट बाहेर पडला नाही. सल्लागारांनी समाधानाने डोळे मिटले. गाडी लागली, उभी राहिली आणि निघून गेली. वडील कर्ण्याकडे बघत कौतुकाने मान डोलवत होते. माईकताईंनी पुन्हा माईककडे हात नेला. पण पुन्हा पुकारणं म्हणजे नापास होणं, म्हणून त्यांनी तो मागे घेतला.

मग आगारप्रमुखांनी माईक हातात घेतला आणि लोकांना कळेल अशा भाषेत म्हणाले, "आमच्या बाई कायम व्हायच्या आहेत. ज्यांना घोषणा कळली नसेल त्यांनी हात वर करावा."

अख्ख्या स्थानकात एकही हात वर झाला नाही. एका गृहस्थांचा झाला होता, पण त्यांनी त्याने डोकं खाजवून तो खाली घेतला. वडिलांनी दोन्ही हात पिशवीखाली घातले.

माईकताई कायम झाल्या. पेढ्यांचं नंतर बघू म्हणत त्या धावतच बाकापाशी गेल्या.

"बाबा, तुमची गाडी गेली."

"गेली का? पण छान बोललीस हो. अगदी साहेबासारखं."

"तुम्हाला कळलं नाही, तर हात का नाही वर केलात?"

"तुझी नोकरी गेली असती. डोळ्यांचं काय, ते आहेतच." त्यांनी चष्मा पुसला. "पुढची कधी आहे, ते मात्र आपल्या भाषेत सांग बाई."

माईकताईंचे डोळे भरून आले. इकडेतिकडे पाहून त्या हलक्या आवाजात सांगू लागल्या, तेव्हा लक्षात आलं की समोरच्या बाकावरचे, मागच्या बाकावरचे आणि खांबाला टेकलेले असे सगळेच आपापलं बोलणं थांबवून जवळ सरकले आहेत. (यांच्यापैकी कोणालाही घोषणा न कळल्याची नोंद नाही.)

आपण तिथे असतो तर हात नक्की वर केला असता, असं ज्या वाचकांना वाटत असेल त्यांनी तो आत्ता, बसल्या जागी वर करून दाखवावा. आधी इकडेतिकडे पाहू नये.