खरा रायडर विनाकारण जातो

प्रवासाला काही ना काही कारण असणे, ही मनुष्यजातीची फार जुनी दुर्बलता आहे. कोणी लग्नाला जातो, कोणी दवाखान्यात, कोणी तलाठ्याकडे सातबारा आणायला. ही दुर्बलता निदान दोन जिल्ह्यांतून तरी दूर व्हावी, या उदात्त हेतूने 'वऱ्हाड निष्काम रायडर्स मंडळ (अमरावती-अकोला संयुक्त)' स्थापन झाले. इतक्या मोठ्या कार्याची नोंद कोणीतरी घ्यायला हवी होती, ती इथे घेतली आहे.

मंडळाच्या घटनेनुसार गाडी चालवणारा आणि रायडर यांत मूलभूत फरक आहे. चालवणारा पोचण्यासाठी निघतो. रायडर निघण्यासाठी निघतो. नियम क्रमांक सात तर इतका स्पष्ट आहे की तो नव्या सदस्याकडून पाठ करून घेतात : ज्या प्रवासात स्वाराने कोणतेही काम केले, करवले किंवा करण्याचा विचार केला, तो प्रवास राइड म्हणून धरला जाणार नाही. नाश्ता हे काम नाही. मात्र अकोल्याला जाऊन कचोरी खाल्ली तर ती राइड, आणि तीच कचोरी घरच्यांसाठी बांधून आणली तर ती हमाली. बाकी नियम किरकोळ आहेत. जॅकेट बारा महिने घालावे (मे महिन्यात अकोल्यात दोन सदस्य चक्कर येऊन पडले, पण पडताना जॅकेट अंगात होते, याची इतिवृत्तात कौतुकाने नोंद आहे). राइड चालू असताना फोन बंद ठेवावा. गाडीला मागे दोन्ही बाजूंना अॅल्युमिनियमच्या पेट्या असाव्यात, आणि त्या रिकाम्या असाव्यात.

अध्यक्ष उत्तमराव यांचे टाइल्सचे दुकान आहे. ते लेहला जाऊन आले आहेत. त्यांची गाडी अमरावतीहून मनालीपर्यंत ट्रकने गेली आणि ट्रकनेच परत आली, पण ट्रकमध्ये ती उभी होती, आडवी नव्हती, म्हणून ते अंतर धरावे असा ठराव पुढे एकमताने पास झाला. सूचक उत्तमरावच होते.

या मंडळात नितेश मागल्या दसऱ्याला दाखल झाला. तिशीतला माणूस, अमरावतीत एका विमा कार्यालयात टेबल सांभाळायचा. घर चांदूर बाजारजवळच्या खेड्यात. घरी चार एकर काळी जमीन, तीत भाजी आणि फुलं. त्याचे वडील खुशालराव गेली सव्वीस वर्षे रोज पहाटे जुन्या मोटारसायकलवर दोन पोती लादून अमरावतीच्या बाजारात येतात आणि दुपारी परत जातात. वडिलांना मानद सदस्यत्व द्यावे, असा अर्ज नितेशने एकदा भाबडेपणाने बैठकीत मांडला होता. समितीने हिशेब केला : रोजचे नव्वद किलोमीटर, सव्वीस वर्षे. आलेला गुणाकार समितीने दोनदा तपासून पाहिला. मग प्रत्येक फेरीत काही ना काही माल होता असे निष्पन्न झाल्याने एकूण अंतर शून्य धरण्यात आले.

खुद्द नितेशला वर्षभरात पाच हजार निष्काम किलोमीटर पुरे करायचे होते. ते झाले की जॅकेटच्या पाठीवर शिवायचा कापडी बिल्ला मिळतो, त्यावर 'खरा रायडर' असे लिहिलेले असते. न झाले तर माणूस मंडळातून बाद. मध्यंतरी त्याचे अकराशे किलोमीटर रद्द झाले, कारण त्याच्याच व्हिडिओत हँडलला मेथीची जुडी लटकलेली दिसली. बिचाऱ्याने ते पुन्हा काढले. गावात लोक त्याला खुशालरावचा पोरगा म्हणत, कार्यालयात 'ओ, दोन नंबर टेबल' म्हणत. हेल्मेट घातले की मात्र चौकातली माणसे मान वळवून बघत. तो बिल्ला त्याला मनापासून हवा होता, आणि यात हसण्यासारखे काही नाही.

वर्षाचा शेवटचा दिवस म्हणजे दसरा. शेवटची राइड अमरावती ते अकोला, सकाळी सहाला. नेमके तेवढेच अंतर बाकी होते.

आता झेंडूचा एक स्वभाव आहे. दसऱ्याच्या दिवशी सकाळी दहापर्यंत त्याच्यासाठी माणसे भांडतात आणि दुपारी चारनंतर तो गुरांपुढे टाकतात. अकोल्यात नितेशची आत्या दुर्गाबाई एका देवळाबाहेर पोतं अंथरून फुलं विकते. नवरा गेल्यापासून तिचं वर्ष या एका सकाळवर उभं असतं. तिची फुलं दरवर्षी भावाच्या वावरातून मालवाहू गाडीने जातात. यंदा ती गाडी परतवाड्याहूनच गच्च भरून आली आणि न थांबता निघून गेली. सणासाठी नितेश आदल्या दिवशी घरी आला होता. पहाटे चारला तो जॅकेटची चेन लावत असताना आई पार्वताबाई दारात उभी राहिली.

"तू अकोल्याले जाऊनच राहिला ना? मंग आत्याचे फुलं घेऊन जाय."

"माय, मले काई नेता येत नाई. नियम हाये."

"कोनाचा नियम हाये रे हा, रिकामं जा म्हनते तो? इतक्या मोठ्या पेट्या कायले लावल्या मंग?"

"पेट्या रिकाम्याच लागतात."

पार्वताबाईंनी पेट्यांकडे पाहिले, मग मुलाकडे पाहिले, आणि मुलाच्या तब्येतीची काळजी वाटल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. खुशालराव आपल्या गाडीवर अमरावतीचा माल बांधत होते. दोरीची गाठ ओढत ते एवढेच म्हणाले, "दुर्गीनं आतापावतर पोतं अंथरलं असन."

नितेश अकोल्यात आयटीआयला होता तेव्हा दोन वर्षे याच आत्याकडे जेवला होता. ती आधी त्याला वाढायची आणि मग उरलं त्यात स्वतःचं भागवायची. हे आठवून त्याने पेट्यांची झाकणे उघडली. नियम मोडायचा नाही, फक्त नियमाला दिसू द्यायचे नाही, असा मध्यममार्ग त्याने काढला. अनेक थोर संस्थांनी तो यापूर्वी काढलेला आहे. दोन्ही पेट्यांत मिळून वीस किलो झेंडू ठासून बसला. पार्वताबाईंनी नणंदेला फोन करून सांगितले की पोरगा घेऊन निघाला, आठपर्यंत येते.

चौदा गाड्या वेळेवर निघाल्या. मूर्तिजापूरला चहासाठी थांबल्या तेव्हा एक गंभीर बाब लक्षात आली. सगळे अंधारात घर सोडून निघालेले, त्यामुळे दसरा असून एकाही गाडीची पूजा झालेली नव्हती. चौदा गाड्या, आणि एकीलाही हार नाही. जवळच्या दुकानात फुलं संपली होती. उत्तमरावांचा चेहरा उतरला. अकोल्यात देवळासमोर व्हिडिओ काढायचा होता, आणि बिनहाराची गाडी त्यात कशी दिसेल, या विचाराने त्यांना चहा गोड लागेना.

तेवढ्यात कोणाला तरी वास आला. झेंडू काही गुपित राखणारे फूल नाही. नितेशच्या पेट्या उघडण्यात आल्या.

मंडळाचे सचिव धम्मदीप हे कॉलेजात शिकवतात आणि इतिवृत्तात खरे तेच लिहितात, ही त्यांची एकमेव अडचण आहे. त्यांनी वही काढली.

"नितेशभाऊ, बाजारात इकायसाठी नेऊन राहिले का हे फुलं? का कोनाची अमानत हाये? जे असन ते सांगा, मी तसं लिहितो."

उत्तमरावांनी नितेशच्या खांद्यावर हात ठेवला. "आधी नीट आयकून घे. इकायचे असन त हे काम झालं. नियम सात. आजची राइड गेली अन् वरीसबी गेलं. पन गाड्यायच्या पूजेसाठी आनले असन, त मी म्हनतो याच्यासारखा रायडर आपल्या मंडळात झाला नाई."

सगळे थांबले. चहावालाही थांबला. नितेशला आत्याचे पोतं डोळ्यांपुढे दिसत होते, आणि उत्तमरावांच्या खिशातून डोकावणारा बिल्लाही दिसत होता. पोतं अकोल्यात होते, बिल्ला दोन हातांवर. धम्मदीपचे पेन वहीवर टेकले होते.

"पूजेसाठीच आनले," तो म्हणाला.

टाळ्या झाल्या. दोरा नव्हता, पण गाड्यांच्या टूलकिटमध्ये तार निघाली (टूलकिट उघडण्याची ही मंडळाच्या इतिहासातली पहिलीच वेळ). हॅण्डल, हेडलाइट, मडगार्ड, आरसे, सगळे भगवे-पिवळे झाले. उत्तमरावांनी आपल्या गाडीला तीन हार घातले, कारण ती लेहला जाऊन आली होती. उरलेली फुलं रस्त्यात उधळली, व्हिडिओत ते दृश्य संथ गतीने आहे. धम्मदीपनी वहीत लिहिले, 'सदस्याने फुले पूजेसाठी आणली असे सांगितले', आणि 'असे सांगितले' या शब्दांखाली रेघ ओढली. स्वतःच्या गाडीला मात्र त्यांनी हार घातला नाही.

नऊ वाजता ताफा अकोल्यात देवळासमोर लागला. दुर्गाबाई फुटपाथवर बसली होती. पुढ्यात पोतं, पोत्यावर पाणी शिंपडलेले, त्यावर काही नाही. गिऱ्हाईक येत होते, बघत होते, पुढच्या दुकानाकडे जात होते. "आता येईन बाप्पा, पाच मिन्टं थांबा," असे ती प्रत्येकाला सांगत होती.

गाड्या पाहून ती उठली. हातातली पाण्याची बाटली तशीच धरून ती ताफ्याजवळ आली आणि नेमकी नितेशपुढे उभी राहिली. नितेशने हेल्मेटची काळी काच वर केली नाही.

"साहेब, तुमी अमरावतीकून आले का?"

काळ्या काचेने मान हलवली. हो.

"रस्त्यात एखांदं पोरगं दिसलं का, फुलं घेऊन येनारं? माह्या भावाचा पोरगा हाये. फोन लागून नाई राहिला त्याचा. पेपरात अॅक्सिडंटचं येते ना रोज, मनून इचारलं. फुलाचं मरू द्या."

काळ्या काचेने मान हलवली. नाही.

"बरं," दुर्गाबाई म्हणाली. तिने हँडलवरच्या हाराला हात लावला, एक फूल उलटून पाहिले. वावरात जन्म गेलेली बाई. मग तिने काचेत पाहिले, तिथे तिला तिचाच चेहरा दिसला असेल. "लय चांगला झेंडू हाये साहेब," ती म्हणाली, आणि जाऊन रिकाम्या पोत्यापाशी बसली.

बिल्ला तिथेच देण्यात आला. उत्तमरावांनी भाषण केले, त्यात त्याग, निष्ठा आणि टायरचा दाब यांचा उल्लेख होता. नितेश बिल्ला घेतानाही हेल्मेट काढेना, हे सर्वांना फार आवडले. खरा रायडर असा असतो, असे उत्तमराव म्हणाले.

दुर्गाबाईचा आणि त्या हेल्मेटचा प्रसंग कोणीतरी टिपला होता. मागे बासरी लावून, 'एका फुलवालीने जेव्हा रायडरला थांबवलं' अशा ओळीसह तो दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरला. आवाज बासरीखाली दबला आहे, त्यामुळे बाई काय विचारते ते ऐकू येत नाही, पण ती आशीर्वाद देत असावी असे बघणाऱ्यांचे मत पडले. लाखभर लोकांनी हृदय पाठवले. आपणही पाठवले असेल, आठवून बघा, सणाच्या दिवसांत हात सढळ असतो.

त्या व्हिडिओखालच्या सगळ्या प्रतिक्रिया धम्मदीपनी एका रविवारी बसून वाचल्या. बाईला फुलं मिळाली का, हे कोणीही विचारलेले नाही. सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न होता : भाऊ, गाडी कोणती? या लेखातही गाडीचे नाव कुठे दिलेले नाही, आणि चोखंदळ वाचकांच्या ते केव्हाच लक्षात आले असेल.