गांगुर्डे आबांची मोजणी

गांगुर्डे आबा माणसाची ओळख चतुःसीमेने करून देतात. खरेदीखतात जमिनीच्या चारी बाजूंना काय काय आहे ते लिहितात ना, ती चतुःसीमा. माझे मेहुणे पहिल्यांदा आमच्याकडे राहायला आले तेव्हा शेजारी म्हणून मी आबांना चहाला बोलावलं, तर त्यांनी माझ्याच घरात मेहुण्यांना माझी ओळख करून दिली. "हे आमचे सर. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस पिठाची गिरणी, उत्तरेस मोकळा प्लॉट, पश्चिमेस आम्ही. बाकी माणूस निर्वेध हाय." मेहुण्यांनी नंतर हळूच विचारलं, "निर्वेध म्हणजे काय हो?" मी म्हटलं, ज्याच्यावर कुणाचाही दावा नाही असा. यावर माझी बायको वंदना स्वयंपाकघरातून जरा जास्तच हसली.

आबा जमीनमोजणी करणारे. सिन्नरपासून सुरगाण्यापर्यंत अर्धा नाशिक जिल्हा त्यांनी पायांनी मोजला आणि निवृत्त होऊन आमच्या कॉलनीत स्थिरावले. त्यांचं पाऊल अडीच फुटांचं. कमी नाही, जास्त नाही. वाटेत डबकं आलं तर ते थांबतात, कारण उडी मारली की हिशेब चुकतो. एकदा पाथर्डी फाट्याकडे एका लॉन्सवर आम्ही लग्नाला गेलो होतो. आबा मंडपाच्या कडेकडेने ओठ हलवत चाललेले. मला वाटलं, मंगलाष्टका म्हणताहेत. फेरी संपवून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "सर, एकोणीस गुंठे भरलं. कागदावर वीस असणार. एक गुंठा नाल्यानं खाल्ला." अक्षता त्यांच्या मुठीत तशाच होत्या.

नोकरीत असताना ते मोजणीला जाताना स्वतःचा थर्मास घेऊन जात. "ज्याचा चहा प्यावा, त्याच्याकडं टेप झुकतो," असं त्यांचं म्हणणं. वणीच्या बाजूला भांडणाऱ्या दोन भावांनी दोन वेगळ्या घरांतून दोन वेगळे चहा आणले, तर आबा बाभळीखाली एकटेच आपला गार चहा पीत बसले. आम्ही या गोष्टीला हसायचो. पण बांध वीतभर सरकला म्हणून बापाच्या दहाव्यालाही एकमेकांकडे न बघणारे भाऊ त्यांनी पाहिलेले. वीतभर जागा ही आबांच्या लेखी कधीच लहान गोष्ट नव्हती, आणि मला वाटतं त्यांचंच बरोबर होतं.

आबांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, जाऊन चार वर्षं झाली. मुलगा ओझरला असतो, रविवारी येऊन जातो. काकू गेल्यापासून आबांचा दिवस सकाळी सातला सुरू होतो तो एका बादलीने. आमच्या दोन घरांच्या मधे भिंत नाही. एक तुटकी तार होती, तीही कधीच गंजून गेली. त्या मोकळ्या पट्ट्यात काकूंनी लावलेला मोगरा आहे, चांगला कमरेएवढा. आबा त्याला पाणी घालतात आणि बादली रिकामी झाल्यावरही बराच वेळ तिथे उभे राहतात.

गेल्या हिवाळ्यात मी जुनी का होईना, एक गाडी घेतली. तिच्यासाठी घराच्या बाजूला पत्र्याची शेड टाकायची होती. सहज म्हटलं, "आबा, आपली हद्द कुठून जाते हो?"

आबा गंभीर झाले. "अर्ज द्या," म्हणाले.

मला आधी गंमत वाटली. पण त्यांनी खरंच माझ्याकडून कागदावर अर्ज लिहून घेतला. मग लगतच्या मालकाला नोटीस द्यायची असते म्हणून माझ्या नावाने स्वतःलाच नोटीस लिहिली, ती माझ्या हातून घेतली, शांतपणे वाचली आणि खाली 'मिळाली' असं लिहून सही केली. मोजणीच्या दिवशी थर्मास घेऊन आले. वंदनाने चहा विचारला तर नको म्हणाले. स्वतःच्या घरचाही त्या दिवशी प्यायले नाहीत. हा थर्मास त्यांनी गिरणीवाल्याकडून भरून आणला होता.

कोपऱ्यातला हद्दीचा दगड त्यांनी पहारीने हातभर खणून उघडा केला. तिथून टेप धरला, दोनदा मोजलं, आणि पांढऱ्या फक्कीची रेघ मारत निघाले. रेघ मोगऱ्यापाशी आली आणि त्याच्या पलीकडून, आबांच्या घराच्या बाजूने गेली. मोगरा दीड फूट आमच्या जागेत होता. नेमका शेडच्या जागी.

"आबा, काहीतरी चुकलं असेल," मी म्हटलं.

"माझी मोजणी?" ते एवढ्या जोरात म्हणाले की गिरणीवाला बाहेर आला. मग आवाज खाली आला. "घर बांधलं त्या सालापासनं मला ठाऊक हाय, सर. मी तिला म्हणलो होतो, अगं, ही त्यांची जागा हाय. तर म्हणती, ऊन इथंच लागतं. लोकांचे बांध मी बोटाबोटानं सरकवले. हिथं मात्र गप बसलो." त्यांनी फक्कीचे हात झटकले. "मला चार दिवस द्या. खणून कुंडीत लावतो."

रेघ दीड फूट इकडे मारली असती तर मला जन्मात कळलं नसतं. एवढं जुनं झुडूप कुंडीत जगत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. चारही दिवस ते खुरपं घेऊन मोगऱ्याशेजारी बसले आणि मातीला हातही न लावता उठले. मला ते बघवेना. पाचव्या दिवशी मी शेडवाल्याला नको म्हणून फोन केला. गाडी आजही रस्त्यावरच उभी असते.

आबांना मात्र असं तोंडी चालेना. "उद्या माझा पोरगा हक्क सांगंल. लिहून ठेवू." त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'सदर मोगरा सरांच्या जागेत असून त्यावर माझा अगर माझ्या वारसांचा कोणताही हक्क नाही. रोज सकाळी एक बादली पाणी घालण्यापुरतीच मला परवानगी आहे. फुले जागामालकाची.'

उन्हाळा आला, मोगरा लदलदला. आबा रोज पाणी घालत, फुलं वेचत आणि सगळीच्या सगळी ओंजळ वंदनाच्या ताटलीत आणून ओतत. आठवडाभर तिने पाहिलं.

"आबा, दोन फुलं ठेवत जा की. काकूंच्या फोटोला होतील."

"कागदात नाय ते, ताई."

वंदना आत गेली. कपाटातून तो कागद काढला, पेन घेतलं आणि आबांच्या सहीखाली लिहिलं: 'रोज दोन फुले काकूंची.'

आबांनी चष्मा लावून ते वाचलं. परत वाचलं. "मागनं घातलेल्या मजकुराला दोघांची सही लागती," म्हणाले, आणि स्वतःची सही करून पेन माझ्या हातात दिलं. वंदनाने ताटलीतली मूठभर फुलं त्यांच्यापुढे केली.

"दोनच बास," आबा म्हणाले. "मी मोजणीला निघालो की ती दोनच तोडायची. एक तिच्या केसात, आन एक माझ्या खिशात."

त्यांनी दोन फुलं उचलली. एक तळहातावर जपून धरलं आणि दुसरं सदऱ्याच्या खिशात ठेवलं.