हरण्यानं खाल्लेला चहा

कुरिअरवाल्यानं तिसरं खोकं ओट्यावर ठेवलं तेव्हा नवनीतची बायको चेतना हात पुसत बाहेर आली.

"यामां काय शे आते?"

"वाटी," नवनीत म्हणाला.

"घरमां वाट्या नहीत का?"

"ही साधी वाटी नही. गायवान शे. चिनी लोके यामां चहा भिजाडतस."

चेतनानं ती झाकणाची वाटी उलटीसुलटी करून पाहिली आणि परत खोक्यात ठेवली. "चटणीले बरी शे," ती म्हणाली.

नवनीत हसला. अडाण्यांकडे पाहून कसं हसावं हे तो अलीकडेच शिकला होता. शहाद्याच्या एका कॉलेजात तो प्रयोगशाळा सहायक होता आणि गावाहून रोज मोटारसायकलनं जाऊन येऊन करायचा. सव्वा महिन्यापूर्वीपर्यंत बस स्टँडसमोरच्या टपरीवरचा, आलं ठेचलेला, साय धरलेला चहा तो बशीत ओतून फुर्र करून प्यायचा आणि वर अर्धा कप आणखी मागायचा. मग एका रविवारी त्यानं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एक टकला माणूस अंगठ्याएवढ्या कपात पिवळं पाणी ओतत होता आणि पाऊण तास एक शब्दही बोलत नव्हता. नवनीतला वाटलं, आपण आजवर चहा प्यायलोच नाही.

लागलीच तो चहाप्रेमींच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात शिरला. ग्रुपचे प्रमुख पुण्याचे कोणी दळवी सर होते. सर रोज सकाळी एक वाक्य टाकत. "दूध हा चहाचा अपमान आहे." नवनीत त्याखाली हात जोडी.

मग चहाचा अपमान करणारे त्याला जिथं तिथं दिसू लागले. कॉलेजातल्या शिपायानं कप पुढे केला की तो म्हणायचा, "हा चहा नव्हे, काढा." चुलतसासरे वारले म्हणून तो सांत्वनाला दारावर गेला, तर तिथं समोर आलेला कप पाहून त्यानं विचारलं, "पाणी किती अंशांपर्यंत तापवलं होतं?" मयताच्या घरची माणसं रडायची थांबून त्याच्याकडे पाहू लागली.

घरीही त्यानं एकदा प्रयोग केला. वडिलांना, दोधू पाटलांना, समोर बसवलं, प्रयोगशाळेतला थर्मामीटर पाण्यात बुडवला, वाटीतल्या पानांवर पाणी ओतलं आणि लगेच फेकून दिलं.

"फेकं कसाले?" दोधूंनी दचकून विचारलं.

"पहिलं पानी पिवानं नही, बाबा. त्यानाघाई पाने जाग्या व्हतस."

"पाने जाग्या व्हतीस तवलोंग मी झोपी जासू," असं म्हणून दोधू उठून गोठ्यात गेले. तिथं हरण्या बसला होता.

हरण्या त्यांचा बैल. दिसायला देखणा, शिंगं आखीव, कांती पांढरीशुभ्र. पण वखराला जुंपला की दोन तासांत म्हणजे दोन ओळींत खाली बसायचा, आणि एकदा बसला की त्याला उठवायला चार माणसं लागायची. दोधूंना तो विकायचा होता. अडचण एवढीच की दोधू खोटं बोलत नसत. गिऱ्हाईक आलं की ते आधी बैलाचा दोष सांगत आणि मग चहा विचारत. बहुतेक गिऱ्हाइकं चहाला थांबत नसत.

चौथ्या खोक्यातून आली ती थापी. पानं वाफवून, दाबून, आठ वर्षं मुरवलेला पु-एर नावाचा चहा. ताटलीएवढी गोल, काळपट, दगडासारखी टणक. नवनीतनं तिला नाक लावलं आणि डोळे मिटले. "ओल्या अरण्याचा सुगंध," तो म्हणाला.

"गोठाना वास शे," चेतना म्हणाली. "कपाटमां ठेवानी नही."

स्वयंपाकघरात ठेवणं नवनीतलाच नको होतं, कारण चहा लसणाचा वास धरतो असं सरांनी लिहिलं होतं. थापी हवेशीर ठिकाणी, सावलीत, कागद काढून ठेवायची होती. अशी जागा घरात एकच होती, मागची पडवी. तिथं एक टोपली होती आणि टोपलीत बैलांसाठी आणलेल्या सरकीच्या ढेपेचे तुकडे होते. नवनीतनं थापी अलगद त्यांच्यावर ठेवली आणि कॉलेजला गेला.

संध्याकाळी परतला तेव्हा अंगणात पुढच्या गावचे अमृतभाऊ उभे होते. दोधूंचे पंचवीस वर्षांपासूनचे दोस्त, बैल पाहायला आलेले. दोधू नेहमीप्रमाणे सुरुवात करत होते.

"अमृतभाऊ, पहिलेच सांगस. बैल देखणा शे, पन तासमां बठस."

इतक्यात गोठ्यातून खाडकन आवाज आला. हरण्यानं खुंटा उपटला होता. शेपटी वर, डोळे वटारलेले, नाकपुड्या फुललेल्या, असा तो अंगणात आला आणि एका जागी थयथय नाचू लागला. त्याच्या नाकाला एक मोठं, ओलं, काळं पान चिकटलं होतं.

नवनीतनं ते पान ओळखलं. तो पडवीत धावला. टोपली रिकामी होती.

"माय, आठे गोल थापी व्हती!"

"व्हती ना," त्याची आई दगूबाई म्हणाल्या. "सडेल ढेप व्हती. वास मारी ऱ्हायनी व्हती. मी म्हंत वाया कसाले जावा देवो, हरण्याले भिजाडी दिधी."

"आठ वरीसनी व्हती ती!"

"तेच सांगस. जुनी व्हती."

तोवर अमृतभाऊंनी हरण्याला घरालगतच्या शेतात वखराला जुंपलंही होतं. दोन ओळी झाल्या, चार झाल्या, आठ झाल्या. हरण्या बसेना. जोडीच्या बैलाला तो फरफटत नेत होता आणि बांधावर पोहोचला की स्वतःच वळत होता. अमृतभाऊ घामाघूम होऊन परत आले, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"दोधूभाऊ, हाऊ बैल बठस?"

"बठस. देवनी आन, रोज बठस."

"तुमले माले बैल देवाना नही, आसं सांगा ना सरळ! दुसरा कोन्ही गिऱ्हाईक शे का? पंचवीस वरीसनी दोस्ती, आनि माले खोटं सांगतस?"

दोधू पांढरेफटक पडले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणी खोटारडं म्हटलं होतं, तेही खरं बोलल्याबद्दल. अमृतभाऊ चपला घालू लागले. आता गप्प बसणं नवनीतला शक्य नव्हतं.

"काका, थांबा. बाबा खरं सांगी ऱ्हायनात. बैलनी चहा खादा."

अमृतभाऊंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "किती कप?"

"कप नही. थापी."

नवनीतनं पिशवीतून थापीवरचा चिनी अक्षरांचा कागद काढला आणि पुढे धरला. अमृतभाऊंनी तो हुंगला आणि मान झटकन मागे घेतली. "हाऊ चहा?"

"भाऊ, मी मन्हा डोयाघाई देखी," दगूबाई मधेच म्हणाल्या. "ढेपच व्हती."

"चेतना, तू तरी सांग!" नवनीत काकुळतीला आला. "तुले तं माहीत शे ना, तो चहा व्हता!"

चेतनानं क्षणभर विचार केला. "माले तं तो चहा कधी वाटनाच नही," ती म्हणाली.

शेवटी दोधूंनीच तोड काढली. "बैल लई जा. आठ दिन राखा. बठना तं परत आना, नही बठना तं तुमना." अमृतभाऊ हरण्याला घेऊन गेले, म्हणजे हरण्याच त्यांना ओढत घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी अमृतभाऊ एकटेच आले. ओट्यावर बसले आणि बराच वेळ टोपीशी चाळा करत राहिले.

"बठना," ते म्हणाले. "दुसरीच तासमां बठना. दोधूभाऊ, मी चुकनू. तुमी खरं सांगी ऱ्हायनथात."

दोधूंनी इतका मोठा श्वास सोडला की आतून चेतना बाहेर डोकावली. "बैल परत आना मंग," ते म्हणाले.

"परत कसाले?" अमृतभाऊ नवनीतकडे वळले. त्यांच्या नजरेत आदर होता. सव्वा महिन्यात नवनीतकडे असं कोणीच पाहिलं नव्हतं. "भाऊ, ती ढेप कथाइन मांगाडी व्हती? पेरणी व्हवालोंग दोन-चार थाप्या मांगाडी दे. हरण्याले आवडस."

नवनीतची छाती फुगली. अखेर तालुक्यात एक जाणकार निघाला होता, मग त्याला चार पाय का असेनात. त्यानं मोबाइल काढला. मागवली होती त्या वेबसाइटवर थापी आता दिसत नव्हती, म्हणून त्यानं खोकं उघडताना काढलेला कागदाचा आणि थापीचा फोटो ग्रुपात टाकून अदबीनं लिहिलं, "सर, हा उत्कृष्ट पु-एर आणखी कुठे मिळेल?"

सरांचं उत्तर लगेच आलं.

"पाटील, तुम्ही फसलात. गोदामातला झाडून काढलेला कचरा दाबून कोणीतरी तुमच्या गळ्यात मारला आहे. माणसांचं सोडा, याला जनावरसुद्धा तोंड लावणार नाही."

त्याखाली अकरा जणांनी हसणारे चेहरे टाकले. नवनीतनं घाईघाईनं काहीतरी टाइप केलं, वाचलं, आणि एकेक अक्षर पुसून टाकलं.

"काय म्हने तुन्हा सर?" अमृतभाऊंनी उत्सुकतेनं विचारलं.

नवनीतनं मोबाइल खिशात ठेवला.

"सरले चहा समजस, काका," तो म्हणाला. "बैल नही समजत."