खटका

आमच्या शेजारचे लक्ष्मणकाका घराची बेल वाजवत नाहीत, तिची परीक्षा घेतात. बटण दाबायचं, कान लावायचा, पुन्हा दाबायचं. मी दार उघडून समोर उभा राहिलो तरी त्यांचं बोट बटणावरच. "थांब, खटका बसू दे."

काकांची सगळी नोकरी पूर्णेला रेल्वेच्या केबिनमध्ये गेली. लिव्हर ओढायचा, खटका बसला की मगच सिग्नल द्यायचा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण घरातलं कुलूप, डबा, गॅसचं बटण, सगळ्यांनी त्यांना खटका ऐकवलाच पाहिजे. सुनेनं टचस्क्रीनचा मोबाइल दिला, तो आठवड्यात परत. "दाबलं का न्हाई तेच कळंना. काचेवर बोट फिरवायला मी काय आरसा पुसायलोय?"

असा माणूस एक दिवस म्हणाला, "लॅपटॉप घ्यायचाय, चल." मजा बघायला मिळेल म्हणून मीही परभणीला गेलो. दुकानात काकांनी एकेका लॅपटॉपचा टचपॅड असा दाबून पाहिला की दुकानदाराला घाम फुटला. शेवटी त्यानं नव्या प्रकारचा एक काढला.

"काका, ह्याचा टचपॅड दबतच नाही. खालून बारीकसा झटका बसतो, अन् बोटाला वाटतं दबलं. झटका कमी-जास्त करता येतो. बंद केला की बघा, नुसती पाटी."

म्हणजे खटका चक्क खोटा. आता दुकानदाराची धडगत नाही, असं समजून मी जरा मागं सरकलो. पण काकांनी झटका सगळ्यात जोरात ठेवायला सांगितला, डोळे मिटले, बोट टेकवलं आणि म्हणाले, "हाच द्या."

मला काही उलगडा होईना. काका ना कुणाला मेल पाठवणार, ना सिनेमे बघणार.

मग एका दुपारी पेपर मागायला त्यांच्याकडे गेलो. काकूंना लकवा झाल्यापासून त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर आहेत. बोटांना सारखं काहीतरी जाणवू द्या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. काकू डोळे मिटून बसल्या होत्या आणि काका त्यांचं बोट टचपॅडवर दाबत होते.

"लागलं का?"

"लागलं की. आज लय चांगलं लागायलंय."

"शाब्बास."

मी स्क्रीनकडे पाहिलं. तो काळा होता. लॅपटॉप बंदच होता, मग झटका बसणार कुठून? काकांनी मला डोळ्यांनीच गप्प केलं आणि ओसरीवर आणलं.

"बॅटरी संपली वाटतं," मी हळूच म्हणालो.

"संपली न्हाई. मीच बंद करतो मधून मधून, खरं काय ते बघायला." ते खांबाला टेकले. "चालू असू दे न्हाईतर बंद, ती लागलं म्हनती. मला वाईट वाटू नये म्हनून."

"मग तुम्ही काही बोलत नाही?"

"काय बोलू? रोज वाट बघतो, एकदा तरी न्हाई म्हनंल. मग चालू केल्यावर हो म्हनली तर ते खरं असंल."



आतून काकूंचा आवाज आला. "अहो, कुठं गेलात? आनखी एकदा लावा की बोट."

"आलो, आलो," म्हणत काका आत गेले, आणि लॅपटॉप चालू न करताच त्यांनी काकूंचा हात हातात घेतला.